एकच पंगत

सारजाला ऊसतोडीचा हा दुसरा हंगाम लागला होता, तरी कोयता तिच्या हाताला परकाच होता. बुडख्यावर घाव घालताना तो तिरका जायचा, खोड वर राहायचं आणि मुकादम बांधावरून ओरडायचा, "मास्तरीणबाई, बुडातनं घ्या, बुडातनं! साखर खाली असती." टोळीतल्या बाया हसायच्या. सारजा पदर डोक्यावर ओढून आणखी खाली वाकायची.

कळंबच्या शिवारात त्या साली थंडी लौकर उतरली होती. सकाळी फडात शिरलं की पाचटावरच्या दवानं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं व्हायचं. ऊन वर आलं की तेच पाचट वाळून अंगाला कापत सुटायचं. मानेला, कोपराला, पायाच्या पोटरीला बारीक चरे पडायचे आणि त्यात घाम उतरला की आग व्हायची.

तिच्या शेजारच्या सरीत रतन तोडत होती. रतन मांगवाड्यातली, झुंबरची बायको. अंगानं काटकुळी, पण हात असा चालायचा की उसाला आडवं पडण्याशिवाय इलाज नसायचा. गेल्या साली सारजा पहिल्यांदा फडात आली तेव्हा दुपारपर्यंत तिचे दोन्ही तळहात फुटले होते. मास्तराची बायको, तिला कुठली सवय? टोळीतल्या बाया बघत राहिल्या. रतन तेवढी उठली, आपल्या लुगड्याचा काठ दातानं फाडला आणि तिच्या हाताला गुंडाळला. मग वाढ्याला, उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन मोळी कशी आवळायची ते शिकवलं.

त्या दिवसापासून दोघी शेजारी शेजारी सरी धरायच्या. मोळ्या बांधता बांधता सारजा तिला प्रभूच्या गोष्टी सांगायची. एक दिवस रतननं विचारलं होतं, "बाई, तुमच्या देवाला आमी चालू का?"

"चालता की," सारजा म्हणाली होती. "त्याला समदी चालत्यात."

मास्तराच्या बायकोनं सांगावं तसं तिनं ते सहज सांगितलं होतं. रतननं ते खरं धरून घरी नेलं. पुढं चैतात मिशनचा साहेब शेवटचा आला तेव्हा झुंबर, रतन आणि त्यांची पोरगी यमुना यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवशी प्रभुभोजनाचा पेला झुंबरच्या ओठाला लागून पुढं सरकला, तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्या जोतीराम तात्यांनी तो न पिताच पुढं दिला. दाढ दुखते म्हणाले. त्यांच्या पाठोपाठ आणखी चार जणांची दाढ दुखली. साहेबाच्या ते ध्यानात आलं नाही. मास्तरांच्या आलं.

"बाई, नाताळ किती राह्यला आता?" रतन उसाचं वाढं छाटत म्हणाली.

"आला की. ह्यो रविवार गेला की मग."

"मला ते गानं समदं पाठ झालंय. मेंढक्याचं." ती थांबली. कोयत्याच्या पाठीनं तिनं कपाळावरचे केस मागं सारले. "त्यांनाच आदी सांगितलं म्हंत्यात, ते खरं का? राजाला न्हाय, भटजीला न्हाय, रानातल्या मेंढक्याला?"

"व्हय. खरं हाय ते."

"मंग त्यो आपल्या हितं जलमला असता तर..." रतन एवढंच बोलली आणि स्वतःशीच हसून पुन्हा वाकली. पुढची सरी तिनं गाणं गुणगुणतच तोडली.

सारजानं मात्र मान फिरवून मोळी बांधायला घेतली.

मास्तरांचं नाव सावळाराम. प्रार्थनाघराच्या पाठीमागं एक पडवी काढलेली होती, तिच्यात ते, सारजा आणि लेक द्वारका राहत. प्रार्थनाघर म्हणजे मातीच्या भिंती, वर कौलं, समोर लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेली घंटा. आठवडाभर तिथं शाळा भरायची, रविवारी उपासना व्हायची. नाताळाला साहेब बारामतीहून गाडी भरून यायचा. बाभळीची मोठी फांदी पुरून तिला रंगीत कागद लावायचा; पोरांना झबली, बायांना चोळीखण, गड्यांना टोप्या वाटायचा. शेळगाव, सणसरची माणसंसुद्धा चालत यायची. प्रार्थनाघरात मावायची नाहीत.

मग साहेबाच्या मुलखात काहीतरी बुडालं म्हणे. काय बुडालं ते इथं कुणाला नीट कळलं नाही, पण आधी झबली बंद झाली, मग शाळा, मग मास्तरांचा पगार. शेवटी, चैतातल्या त्या बाप्तिस्म्यानंतर, साहेबच आगबोटीत बसून गेला. त्याआधी गेल्या नाताळालाच तो आला नव्हता. मास्तरांनी पहाटे उठून घंटा वाजवली तर आठ-दहा माणसं आली. बाकीची म्हणाली, वाटायला काही नाही तर नाताळ कसला? वस्तीतली तरणी पोरं त्या दिवशी कारखान्याकडच्या गुत्त्यावर गेली आणि संध्याकाळी झिंगून आली ती प्रार्थनाघराच्या ओट्यावरच पत्ते कुटत बसली. आत मास्तर एकटे गुडघे टेकून होते. त्या हिवाळ्यात त्यांना धरलेला खोकला मग सुटलाच नाही. पावसाळ्यात रक्त दिसायला लागलं.

तरी या साली त्यांनी मनात धरलं होतं. नाताळ करायचा. प्रार्थना झाल्यावर सगळ्या मंडळीनं लिंबाखाली एका पंगतीला बसून जेवायचं. प्रीतिभोजन. घराघरातून धान्य गोळा करायचं आणि साहेब यायचा तेव्हा जोतीराम तात्या दरसाल बोकड द्यायचे, तसा याही साली मागायचा.

"एकच पंगत," ते सारजाला म्हणाले होते. "झुंबर माझ्या शेजारी बसंल."

जोतीराम तात्या मंडळीचे पंच. पलटणीत होते, एडनपर्यंत जाऊन आलेले. कालव्याकाठी त्यांचा तुकडा होता, त्यात कांदा-ज्वारी व्हायची. त्यांच्या सोपानला द्वारका दिलेली होती. साखरपुडा होऊन लग्न वैशाखावर ठरलेलं. दोन दिवसांनी सारजा ज्वारी मागायला त्यांच्या अंगणात गेली तेव्हा ते बोकडाला वाढं घालत होते. बोकड चांगला भरला होता.

"या, विहीणबाई. बसा." त्यांनी स्वतः घोंगडी अंथरली. भामाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, पितळीत चहा आणून दिला. चहा संपेपर्यंत तात्या मास्तरांच्या खोकल्याची चौकशी करत राहिले. मग म्हणाले, "मास्तराचा इचार कानावर आलाय माज्या."

सारजानं पितळी खाली ठेवली.

"मी देवाच्या आड येत न्हाय. झुंबर परार्थनेला बसतो, मी कवा काय म्हनलो? घंटेचा दोर तुटला, त्यानं नवा वळून दिला, तो चालला का न्हाय? पन पत्रावळीला पत्रावळ लावून जेवायचं म्हंजी येगळं. आपली निम्मी सोयरीक अजून म्हारवाड्यात हाय, विहीणबाई. आपुन ख्रिस्ती झालो तवा त्यांनी कसंबसं गिळलं. आता मांगात जेवलो म्हनल्यावर पोरी कोन करंल आमच्या? माज्या अजून दोन उजवायच्या हायेत. मास्तर करनार हाय का?"

"तसं न्हाय, तात्या..."

"ऐका." त्यांनी हातातलं वाढं बोकडापुढं टाकलं. आवाज चढवला नाही. "पाटलाच्या हिरीवर मला अजून वरनं पानी वाढत्यात. पलटणीचा बिल्ला हाय माज्याकडं, आन् वानी पुडी लांबनं टाकतो. हे समदं मी गिळलं. कशाच्या जिवावर गिळलं? माज्या मागं कोनतरी हाय, मी अगदीच शेवटचा न्हाय, येवढ्यावर. तेवढं बी मास्तर काढून घ्याया निगालाय."

 सारजाला वाटलं, मास्तरांनी हे ऐकायला हवं होतं. मग वाटलं, त्यांना हे ठाऊकच असणार.

"मंग कसं करायचं म्हंता?"

"आदी आपली पंगत. ती उठली की त्यांची. पोटभर वाढा त्यांना, माजं काय म्हननं न्हाय. मास्तराला तुमी समजवा." तात्या बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "द्वारकीचं बी बघाय पायजे तुमाला."

भामाबाईंनी तिच्या पदराच्या ओट्यात पायलीभर ज्वारी ओतली, वर चार कांदे घातले. घरी येईपर्यंत सारजाला तो ओटा जड झाला.

मास्तर पडवीपुढच्या उन्हात बाजेवर पडले होते. छातीच्या फासळ्या सदऱ्यातून मोजता येतील अशा वर आल्या होत्या. सारजानं ज्वारी सुपात ओतली, खडे निवडायला घेतले आणि खाली मान घालूनच सगळं सांगितलं.

मास्तर बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "सारजे, साहेब गेला. झबली गेली. शाळा गेली. आता नाताळात राह्यलं काय? देव मानसात आला, शेवटच्या मानसापाशी आला, येवढंच राह्यलं. तेबी न्हाय केलं तर मी इतकी वर्सं लोकांना वाचून काय दावलं?"

"तुमी वाचून दावलं. पन पोरगी कुनाच्या दारात हुबी करू ते सांगा." तिचा आवाज तिच्या मनात नव्हता तेवढा चढला. आत चुलीपाशी द्वारकेच्या हातातली परात थांबली. "माजे हात बगा. मोळ्या वाहून मान वाकडी झाली माजी. तुमचं हे असं. उद्या तुमच्या मागं..."

ती मध्येच थांबली. मास्तर तिच्याकडं बघत होते. ती काय बोलणार होती ते दोघांनाही कळलं होतं. तेवढ्यात त्यांना ढास लागली. सारजानं राखेचा डबा पुढं धरला, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं ढास थांबली तेव्हा मास्तर डोळे मिटून म्हणाले, "बरं."

ते 'बरं' कशाला होतं, हे सारजानं विचारलं नाही. विचारलं तर खरं काय ते कळेल, या भयानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फडावर जाता जाता ती तात्यांच्या अंगणाशी थांबून म्हणाली, "ऐकलं त्यांनी. दोन पंगती करू."

आणि फडात रतनला म्हणाली, "नाताळादिशी जरा उशिरानं या तुमी. उन्हं कलल्यावर."

"का वं, बाई?"

"गर्दी असती. निवांत जेवाय मिळंल."

रतननं मोळी आवळली, गुडघा देऊन पीळ घट्ट केला. "गानं सकाळी असतं ना? मंग सकाळीच येऊ."

सारजानं कोयता उचलला. घाव तिरका गेला. बांधावरून मुकादम ओरडला.

नाताळाच्या दिवशी मुकादमानं खाडा धरला, तरी वस्तीतली झाडून सगळी माणसं घरी राहिली. बोकडाचं मटण म्हटल्यावर शेळगावची चार घरं आली, सणसरहून सारजाच्या माहेरची आली. पहाटेपासून लिंबाखाली तीन दगडांवर हंडा चढला होता. मसाल्याचा वास कालव्यापर्यंत जात होता. बाया भाकऱ्या थापत होत्या. किती दिवसांनी सारजाला सगळी हसताना दिसली. तिला वाटलं, निभंल आजचा दिवस.

घंटा झाली तशी माणसं आत बसली. झुंबर, रतन आणि यमुना आधीच येऊन दाराशी बसले होते. झुंबरचं धोतर राखेनं धुतलेलं, पांढरं. यमुनेच्या डोक्याला इतकं तेल चोपडलेलं की ते कपाळावर उतरलं होतं. त्यांच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये हातभर जमीन मोकळी होती. गाणं सुरू झालं तेव्हा रतननं डोळे मिटून मोठ्यानं गळा काढला. ती सगळ्यांच्या एक पाऊल मागं गात होती. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. रतनला पत्ता नव्हता.

मास्तरांनी वाचलं. मेंढक्यांचं वाचलं, गव्हाणीचं वाचलं. बोलायला त्यांच्याकडं दम नव्हता. पुस्तक मिटून ते म्हणाले, "त्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही. मागणारी माणसं वाईट होती म्हणून नव्हे. जागा द्यायला कुणी सरकलं नाही म्हणून. आज आपण सरकायचं." एवढं बोलून ते भिंतीला टेकले. तात्यांनी 'आमेन' म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं.

बाहेर पत्रावळी मांडल्या गेल्या. तात्या मधोमध बसले, त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत गेली. पोरं आधीच पत्रावळी पुढं ओढून बसली. म्हातारी साखरबाई, जिच्या घरात वर्ष वर्ष मटण शिजत नव्हतं, ती पदर सावरत सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. सारजा हंड्यापाशी पळी घेऊन उभी राहिली.

मास्तर प्रार्थनाघरातून बाहेर आले ते झुंबरचं मनगट धरून.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," झुंबर हळू म्हणत होता. "आमी मागनं बसतो. आमाला सवय हाय." तो धट्टाकट्टा गडी, झटका दिला असता तर मास्तर पडले असते, म्हणून तो ओढला जात होता. मास्तरांनी त्याला पंगतीच्या टोकाला बसवलं, शेजारी आपण बसले. रतन पोरीला घेऊन झुंबरच्या अंगाशी बसली. यमुनेनं पत्रावळीवर दोन्ही हात ठेवले.

पंगतीतला गलबला बसला. हंड्याखालचं लाकूड तडतडलं तेवढं ऐकू आलं.

तात्यांनी मास्तरांकडं पाहिलंच नाही. त्यांनी सारजाकडं पाहिलं. "विहीणबाई, दोन पंगती म्हनला व्हतात तुमी. ऐकलं त्यांनी म्हनला व्हतात."

पळी सारजाच्या हातात तशीच राहिली. मास्तरांनी मान वर केली. आणि रतननं. रतनची नजर तिच्यावर आली, क्षणभर काही न कळल्यासारखी राहिली, आणि मग कळलं. उशिरानं या, गर्दी असती, निवांत जेवाय मिळंल. सगळं कळलं. तिनं पोरीचे हात पत्रावळीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतले.

तात्या उठले. धोतर झटकलं. त्यांनी शिवी दिली असती, भांडले असते, तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "सोपान, हंड्याला दांडी घाल. घरी जाऊन जेवू."

सोपान आणि आणखी तिघांनी हंडा उचलला. माणसं एकेक उठायला लागली. काहींनी जाताना मास्तरांकडं बघून हात जोडले. सणसरची उठली, शेळगावची उठली. साखरबाई मात्र बसून होती. ती एकदा मास्तरांकडं बघे, एकदा जाणाऱ्या हंड्याकडं. "मास्तर, लेकरा," ती शेवटी म्हणाली, "मी म्हातारी मानूस रं," आणि जमिनीवर हात टेकून उठली. हंडा लांब जाऊ नये म्हणून भरभर चालायला लागली.

"सारजे," मास्तर म्हणाले, "वाढ."

टोपल्यात भाकऱ्या होत्या. दुसरं काही नव्हतं. समोरच्या, तात्यांच्या अंगणातून भामाबाईंची हाक आली, "विहीणबाई, या हिकडं! वाढाय बाई न्हाय कोन." पडवीच्या कोपऱ्यावर द्वारका उभी होती. नवं लुगडं नेसलेली, हातात साखरपुड्याच्या बांगड्या. तिनं आईकडं पाहिलं. रडत नव्हती, नुसती बघत होती.

सारजानं भाकरीचं टोपलं मास्तरांपुढं ठेवलं. त्यांच्या तोंडाकडं न बघता ठेवलं. मग द्वारकेचा हात धरला आणि समोरच्या अंगणात गेली.

तिनं दोन पंगती वाढल्या. कुणाला रस्सा हवा, कुणाला तुकडा हवा, सगळं वाढलं. पाठ लिंबाकडं ठेवली. पण एकदा भाकरी आणायला वळली तेव्हा दिसलंच. मास्तरांनी भाकरी मोडून तिघांपुढं ठेवली होती. ते आपला घास चावत होते, पण गिळता येत नव्हता. झुंबर खाली मान घालून बसला होता. यमुना कोरडी भाकरी खात इकडं, हंड्याकडं बघत होती. रतन तिची मान धरून तोंड पुन्हा पुन्हा फिरवत होती.

संध्याकाळी सारजा घरी आली तेव्हा मास्तर बाजेवर होते. झुंबरनं त्यांना उचलून आणून निजवलं होतं. ती पायाशी बसली. आता बोलतील, आता बोलतील, असं वाटत राहिलं. मास्तर म्हणाले, "द्वारका जेवली का?"

"जेवली."

"बरं."

त्यावर ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर सारजाला रडता आलं असतं.

माघात मास्तर गेले. तात्यांनी सगळं केलं. ओढ्याकाठी खड्डा काढवला, पांढरं कापड आणलं, खांदा दिला आणि माती लोटताना ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर झुंबर उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. खड्डा बुजेपर्यंत तो उभा राहिला. सारजाला तो दिसत होता. हाक मारावी असं तिच्या गळ्यापर्यंत आलं. बाजूला भामाबाई तिला धरून होत्या. माती सारखी झाल्यावर झुंबर पाठ फिरवून गेला. प्रार्थनाघराकडं ती तिघं नाताळानंतर एकदाही फिरकली नव्हती.

वैशाखात द्वारकेचं लग्न झालं. पडवी मिशनची होती. पण आता मिशनचं विचारायला कुणी येत नव्हतं, म्हणून सारजा तिथंच राहिली. रविवारी सोपान अडखळत अडखळत थोडं वाचायचा. दोन-चार बाया यायच्या.

पुढच्या नाताळाचा विडा तात्यांनी स्वतः उचलला. बारामतीहून बँड सांगितला. संध्याकाळी तमाशाचा फड ठरवला, म्हणजे तरणी पोरं गुत्त्यावर जायची नाहीत. दोन बोकड धरले. शेळगाव-सणसरच काय, इंदापूरहून माणसं यायची होती. "मंडळी वाढली, विहीणबाई," तात्या म्हणाले. "मास्तर असता तर खूश झाला असता." त्यांना मनापासून तसं वाटत होतं. सारजानं मान हलवली.

बाजाराला बारामतीला गाडी जुंपली तेव्हा सारजाही भामाबाईंबरोबर गेली. गूळ, मसाला, पोरांना फुगे घेऊन झाले. बाजाराच्या कडेला, दोर आणि केरसुण्या मांडून मांगवाड्यातली माणसं बसतात तिथं तिला रतन दिसली. बाप्तिस्म्याला पुसलेलं कुंकू कपाळावर पुन्हा ठसठशीत होतं. शेजारी यमुना केरसुणीच्या पात्यांना दोरा गुंडाळत होती. वर्षात चांगली उंच झाली होती.

सारजा पुढ्यात जाऊन उभी राहिली. "रतन, बरी हाय का?"

"बरी हाय की."

"औंदा फडात दिसली न्हाईस."

"दुसऱ्या टोळीत हाय मी." रतन केरसुण्या सारख्या करत होती. वर बघत नव्हती. तिच्या बोटांवर पाचटाचे ताजे चरे होते.

सारजाला वाटलं, आता निघावं. पण पाय निघेनात. "नाताळ आलाय," ती म्हणाली.

"व्हय. बँड आनलाय म्हंत्यात."

"ये की तू. झुंबरला, यमुनीला घेऊन ये. मी वाढीन तुला. माज्या हातानं वाढीन, समद्यांच्या आदी."

आता रतननं मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर सारजाला तिची समजूत घालता आली असती.

"बाई," ती म्हणाली, "आमी जेवाया आलो न्हवतो."

मसाल्याच्या दुकानापासून भामाबाई ओरडल्या, "विहीणबाई, केरसुनी घ्या वं येक, सापडली तर! परार्थनाघर झाडाय लागंल!"

सारजानं हात पुढं केला. रतननं दोन-तीन केरसुण्या चाचपून पाहिल्या, त्यातली घट्ट बांधणीची निवडली आणि ती सारजाच्या हातात न देता दोघींच्या मधल्या मातीवर ठेवली. ठेवून हात मागं घेतला. गावातल्या बायांना विटाळ नको म्हणून देतात तशी.

सारजाचा हात थोडा वेळ तसाच राहिला. यमुना दोरा गुंडाळायची थांबून बघत होती. मग सारजा वाकली, केरसुणी उचलली आणि कनवटीचा पैसा काढला. तो कुठं द्यावा हे तिला कळेना.

"ठिवा तितंच, खाली," रतन म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.